तुपे सरांची हवा

डॉ. रामेश्वर तुपे दुष्ट आहेत असं मी कधीच म्हणणार नाही. दुष्टपणाला थोडी अक्कल लागते, चिकाटी लागते, स्वतःची झोप मोडावी लागते. सरांची झोप उत्तम आहे. दुष्टपणाऐवजी त्यांच्याकडं एक पांढरं हेल्मेट आहे.

ते हेल्मेट कॉलेजात त्यांच्या केबिनमधल्या खुंटीला टांगलेलं असे. सर स्थापत्य विभागाचे प्रमुख. मी त्याच इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या वर्षाला केमिस्ट्री शिकवते. केबिनी समोरासमोर, घरंही गारखेड्यात हाकेच्या अंतरावर, त्यामुळं सरांपासून सुटका अशी मला कुठंच नव्हती. समोर कुणी मोबाइल वर धरला की सरांचा हात आपोआप खुंटीकडं जाई. बांधकामावर ते फारसे कधी गेले नाहीत, हेल्मेट मात्र सगळीकडं जाऊन आलं. वृक्षारोपणाच्या फोटोत ते आहे, महिला दिनाच्या फोटोत आहे, रक्तदान शिबिरात सर खाटेवर आडवे झालेत त्याही फोटोत आहे.

सरांचा विषय होता राखेचं काँक्रीट. विषय चांगला होता, हे आधीच सांगून टाकते. पुढं मी जे बोलणार आहे ते माणसाबद्दल, राखेबद्दल नाही. वीजकेंद्रात दगडी कोळसा जळून जी मऊ करडी राख उरते, ती कॉस्टिक सोडा आणि सिलिकेटच्या द्रावणात कालवली आणि ऊब दिली की दगडासारखी घट्ट होते. सिमेंटचा कणही लागत नाही. सिमेंटसाठी चुनखडी भाजावी लागते आणि त्यात कार्बन डायऑक्साइड हवेत सुटतो. इथं तो बराचसा वाचतो. या मालाला जिओपॉलिमर म्हणतात. सर मात्र ते नाव सहजासहजी उच्चारत नसत. आधी डोळे मिटत, मग उच्चारत. गवयी गुरूचं नाव घेताना कानाच्या पाळीला हात लावतात ना, त्यातला प्रकार.

"सिमेंट मेलं, मॅडम!" हे त्यांचं सकाळचं नमस्काराचं वाक्य. वाटणीच्या भांडणातल्या भाऊबंदाच्या मयताची बातमी द्यावी आणि आतून गुदगुल्या व्हाव्यात, असा तो आवाज. माझी स्कूटर बिघडली की मला त्यांच्या गाडीतून यावं लागे. तेव्हा शहानूरमियाँ दर्ग्याच्या चौकापासून कॉलेजच्या फाटकापर्यंत सिमेंट निदान चारदा तरी मरे.

लग्नाला गेले तरी सर आहेर म्हणून राखेचा ठोकळा नेत. तळहातावर मावेल एवढा, पॉलिश केलेला, वर त्यांचं नाव कोरलेलं. "कागद दाबायला उपयोगी," असं नवरीच्या बापाला सांगत. मलाही एक दिला होता. पावसाळा सरला आणि त्या ठोकळ्याला पांढरी लव फुटली, बुरा आल्यासारखी. मी तो सरांपुढं ठेवला.

"सर, याला दाढी आली."

"श्वास घेतोय तो, मॅडम," सर कौतुकानं म्हणाले.

"श्वास कसला, सोडा आहे तो. आतला क्षार ओलीबरोबर बाहेर येतोय आणि हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं त्याचा सोडा होतोय. वर दिसतंय हे ठीक आहे, पण हाच वायू आतही शिरत असणार. ठोकळ्यात लोखंड असतं तर काय झालं असतं?"

"तेच तर मी म्हणतोय! जिवंत मटेरियल!"

पुढच्या आठवड्यात 'श्वास घेणारं काँक्रीट' या विषयावर त्यांचं व्याख्यान झालं. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते.

माझा प्रश्न साधा होता. काँक्रीटच्या पोटात लोखंडाच्या सळया असतात. भोवती भरपूर क्षार आहे तोवर त्या गंजत नाहीत. हवेतला कार्बन डायऑक्साइड काँक्रीटच्या बारीक छिद्रांतून आत झिरपतो आणि हा क्षार हळूहळू मारत जातो. साध्या सिमेंटमध्ये चुन्याचा साठा मोठा असतो, तो बरीच वर्षं तोंड देतो. नुसत्या राखेत तसा साठा नसतो. क्षार मेला की सळई गंजते, गंजली की फुगते, आणि फुगली की भोवतालचं काँक्रीट फोडून बाहेर येते. म्हणजे ज्या वायूपासून जगाला वाचवायचं म्हणून हा माल काढला, तोच वायू त्याचा घास घेऊ शकतो. घेतोच असं नाही. ते बघावं लागतं. बघायला वेळ लागतो, आणि सरांना वेळ नव्हता, कारण त्यांना सत्कार होते.

या बघण्यासाठीच निलोफर आली. शहागंजात तिच्या वडिलांचं खिळे, बिजागऱ्या, रंगाचं दुकान. एम.ई. करून ती सरांकडं पीएच.डी.ला लागली. बारीक अंगाची, डोळ्यांवर मोठा चष्मा, आणि बोलणं असं की गिऱ्हाईक आणि खिळा दोन्ही एका ठोक्यात जागेवर बसावेत. कार्बन डायऑक्साइडपुढं हा माल किती टिकतो, हाच तिचा विषय. तो सरांनीच दिला होता. उत्तर छानच येणार, अशी त्यांना खात्री होती.

ती येण्याच्या आधीच्या उन्हाळ्यात सरांनी एक पराक्रम करून ठेवला होता. लासूर स्टेशनच्या पुढं त्यांचं गाव. तिथल्या शाळेला त्यांनी राखेच्या काँक्रीटचा व्हरांडा बांधून दिला: लांबलचक स्लॅब, आत सळया, खाली खांब. प्रयोगशाळेत ठोकळे भट्टीत ऊब देऊन पिकवतात. गावात भट्टी कुठली? स्लॅबवर काळा प्लास्टिकचा कागद पसरला आणि मे महिन्याच्या उन्हावर सोडून दिला. "मराठवाड्याचं ऊन फुकट आहे, मॅडम, जगाकडं हे नाही," सर म्हणाले होते. उद्घाटनाला हेल्मेट होतंच.

निलोफरनं गावातल्यासारखेच ठोकळे केले आणि पेटीत ठेवले. ही पेटी म्हणजे काचेच्या दाराचं लोखंडी कपाट. आत कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा खेळवतात. दर काही दिवसांनी एक ठोकळा काढायचा, फोडायचा आणि फुटलेल्या अंगावर फिनॉल्फ्थॅलिन मारायचं. शाळेतल्या प्रयोगात असतं तेच. क्षार शाबूत असेल तिथं गडद गुलाबी रंग येतो, मेला असेल तिथं काहीच येत नाही.

एका दुपारी ती ठोकळा घेऊन सरांच्या केबिनमध्ये आली आणि मलाही तिथं बोलावलं. फोडलेल्या ठोकळ्याच्या मधोमध रुपयाएवढा गुलाबी ठिपका होता. बाकी सगळं करडं.

"फवारा नीट मारला नाहीस तू," सर म्हणाले.

तिनं बाटली त्यांच्या हातात दिली. सरांनी मारला. ठिपका तेवढाच राहिला. सरांनी पुन्हा मारला. द्रावण ओघळून त्यांच्या बुटांवर पडलं.

"पेटीतली हवा ओली कर," ते शेवटी म्हणाले. "पूर्ण ओली."

"सर, तसं नाही करता येत. ठोकळा पाण्यानं गच्च भरला की छिद्रंच बंद. गॅस आत जाणारच नाही."

"मग बरोबरच की! आपल्याकडं पाऊस पडत नाही का?"

"मराठवाड्यात, सर?"

मला हसू आवरलं नाही. सर हसले नाहीत. विनोद दुसऱ्यानं केला की त्यांना तो कळत नसे. शिवाय तो विनोद नव्हताच. ना चिंब ना खडखडीत, अशा हवेतच हा वायू सगळ्यांत जास्त आत शिरतो, आणि आमच्याकडं वर्षातले कितीतरी महिने तसलीच हवा असते.

गंमत अशी की या राखेची बाजू घेऊन बोलली ती निलोफरच. "पेटीतला गॅस लई तगडा असतो, सर," ती म्हणाली. "तो मालाला आहे त्यापेक्षा बुरा दाखवतो. आपण बाहेरच्या हवेत ठेवून बघू. टाइम लागेल, पण सच्चा जवाब मिळेल. आणि तोपर्यंत गावच्या स्लॅबला वरून-खालून कोटिंग मारून घ्या, टेकू द्या. अजून काही बिघडलं नाही. सगळं वाचेल."

खरं सांगायचं तर त्या क्षणी सरांना देवानं हातात आणून दिलं होतं सगळं. एक कोटिंग, चार टेकू आणि एक वाक्य: आम्ही तपासतोय. सर खुंटीकडं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "लोकांना घाबरवायचं नसतं, निलोफर. त्यांचा विज्ञानावरचा विश्वास उडतो."

दुसऱ्या दिवशी पेटी चिंब झाली. निलोफरनं ते आकडे लिहायला नकार दिला. आकडे दुसऱ्या कुणीतरी लिहिले. असं कुणी ना कुणी कॉलेजात असतंच. सरांचा पेपर छापून आला आणि त्यात गुलाबी ठोकळ्यांचे फोटो इतके सुंदर होते की कुणालाही ते लग्नाच्या आहेरात द्यावेसे वाटले असते. मी प्राचार्यांकडं गेले. त्यांनी मला चहा पाजला आणि "आपसात मिटवा" म्हणाले. निलोफरनं गाइड बदलून मागितला. माझं नाव लागलं. तिची वर्षं वाया गेली, ती गेलीच. वडिलांच्या दुकानाच्या गच्चीवर, रंगाच्या रिकाम्या डब्यांच्या रांगेत, तिनं आपले ठोकळे मांडले आणि शहागंजच्या धुरात, धुळीत ठेवून दिले. सरांच्या मालावर सरांपेक्षा तिचाच जीव जास्त होता. लोखंडाच्या भट्टीची मळी, म्हणजे स्लॅग, दळून राखेत मिसळलेले तिचे ठोकळे तिथं छान तग धरून राहिले. नुसत्या राखेचे, उन्हावर पिकवलेले मात्र नाही राहिले. म्हणजे राखेचा दोष नव्हता. तिला धनी वाईट मिळाला होता.

आम्ही दोघी गावालाही जाऊन आलो. शाळेच्या मुख्याध्यापिका पगारे बाई आणि गावचे दत्तू नाना आमची वाट बघत उभे होते. नाना म्हणजे सरांचे थोरले चुलतभाऊ. सरांचे वडील लवकर गेले, तेव्हा यांनी शाळा सोडून दोन्ही घरची शेती ओढली आणि रामूला शिकवलं. हे सर कधीच सांगत नसत. पगारे बाईंनी सांगितलं. नानांना आपण काही केलंय असं वाटतच नव्हतं. त्यांनी आम्हाला व्हरांड्याखाली नेलं, मान वर करून बघायला लावलं.

"उभ्या ऱ्हा इथं. लागतं का नाय गार?"

"लागतं, नाना."

"भर उन्हाळ्यात बी आसंच. रामूनं राखंची सावली केली बगा. राखंची!"

निलोफरनं त्यांना सगळं समजावून सांगितलं. हवा, क्षार, सळई, गंज. मधेच दुपट्ट्याची गाठ मारून, आत पेन घालून, पेन फुगला तर गाठ कशी सुटेल तेही दाखवलं. नानांनी मन लावून ऐकलं. मग म्हणाले, "तुमी शिकलेल्या हायसा, खोटं कशाला बोलसाल? पर रामू बी शिकलेला हाय. आन् रामूनं लावलेलं बाभळीचं खुट बी आजवर वाळलं नाय. च्या घ्या, थंड व्हतोय."

 पगारे बाईंनी फक्त वर बघितलं. आणि त्या दिवसापासून त्या रोज वर बघत राहिल्या.

काही वर्षं तसं काही झालं नाही. सर मोठे होत गेले. त्यांच्या नावापुढं काय काय लागलं. मला कॉरिडॉरमध्ये गाठून ते म्हणत, "काय मॅडम, पडला का आमचा व्हरांडा?" आणि स्वतःच हसत. मीही हसत असे. अशा माणसापुढं हसण्याखेरीज करण्यासारखं काही नसतं; रागवायचं तर समोर कुणीतरी असावं लागतं.

मग स्लॅबच्या खालच्या अंगाला सळयांच्या रेषेत तडे दिसू लागले, तड्यांतून चहाच्या रंगाचे ओघळ. पगारे बाईंनी सरांना फोन केला. सर म्हणाले, "केसासारख्या रेघा आहेत त्या, बाई. वय झालं की येतात." बाईंनी फोन ठेवला आणि त्याच दिवशी मुलांना व्हरांड्यातून उठवून लिंबाखाली बसवलं. व्हरांड्याच्या तोंडाला दोरी बांधली.

ती दोरी नानांना लागली. गावात कुणीतरी म्हणालं, तुप्याच्या पोरानं शाळेला धोका दिला. पंधरा ऑगस्टच्या आदल्या दिवशी नाना शाळेत आले, दोरी सोडली, शिडी लावली आणि व्हरांड्याच्या छताला पताका बांधायला चढले. बाई ओरडल्या, "नाना, खाली उतरा!"

"आमच्या भावानं बांधलंय," नाना वरून म्हणाले. "झेंड्याला मी हितंच पताका लावनार. बगू कोन म्हनतं पडतंय."

त्यांनी छतातल्या लोखंडी आकड्याला सुतळीचा हिसका दिला आणि स्लॅबचा मोठा पोपडा सुटून त्यांच्या खांद्यावर आला. नाना शिडीसकट खाली पडले. गळ्याचं हाड मोडलं, खांदा निखळला. आवारात लिंबाखाली पोरं पाढे म्हणत बसली होती. त्यांच्यातल्या एकाला खडाही लागला नाही. कारण एका बाईनं दुसऱ्या बाईचं ऐकलं होतं.

नानांना शहरातल्या दवाखान्यात आणलं. निलोफर आणि मी भेटायला गेलो तेव्हा वॉर्डात सर आधीच येऊन बसले होते. हेल्मेट नव्हतं. खाटेशेजारच्या स्टुलावर बसून मोसंबी सोलत होते. नानांचा डावा खांदा, हात, छाती, सगळं पट्ट्यांनी घट्ट आवळलेलं. आम्हाला बघून त्यांनी उजवा हात कपाळापर्यंत नेला.

"या, बाई. बसा. रामू कवाचा आलाय. लई मनाला लावून घेतलंय त्यानं." आणि सरांकडं वळून, "नको रं लावून घिऊ. हवाच खराब झाली हल्लीची. तू काय करनार?"

"तेच म्हणतोय मी, नाना," सर म्हणाले. "इथल्या हवेत वायूचं प्रमाण जास्त निघालं. लासूरकडं वाहनं वाढली. आम्ही अभ्यास करतोय त्यावर."

त्यांनी एक फोड तोंडात टाकली. मला वाटलं, पुढची नानांना देतील. पुढचीही त्यांनीच खाल्ली.

निलोफर उभीच होती. ती खाटेजवळ गेली, वाकली आणि हळू आवाजात म्हणाली, "नाना, हवेला कशाला दोष देता? हवा सगळीकडं आहे तशीच तिथं आहे. मी सरांना सांगितलं होतं. स्लॅब नवा होता तेव्हाच. कोटिंग मारा, टेकू द्या, वाचेल म्हणून सांगितलं होतं. सरांना मालूम होतं."

शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची बायको डबा उघडत होती, ती थांबली. नानांनी निलोफरकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी मान हलवली. मग त्यांनी भावाकडं बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता. शेतातल्या विहिरीला पाणी लागलं का, एवढंच विचारावं, तसं त्यांनी विचारलं.

"व्हय रं, रामू?"

सरांनी सालाचा तुकडा नखानं काढला. रुमालावर ठेवला. घसा साफ केला.

"विज्ञानात असं हो किंवा नाही नसतं, नाना," ते म्हणाले. "त्याला बरेच घटक असतात. आर्द्रता असते, तापमान असतं, देखभाल असते. आता समजा…"

ते बोलत राहिले. आवाज व्याख्यानाचा होता, थोडा वर चढलेला, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असा. नाना ऐकत होते, की नव्हते, मला कळलं नाही. त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला, भिंतीकडं. पण भिंत डाव्या अंगाला होती आणि डावा खांदा बांधलेला. जमेना. दुसऱ्या अंगाला सर होते. थोडा वेळ ते तसेच छताकडं बघत पडून राहिले आणि मग त्यांनी डोळे मिटून घेतले. घट्ट, लहान मूल मिटतं तसे. पापण्या हलत होत्या.

सर बोलता बोलता थांबले. वाकून त्यांनी भावाच्या तोंडाकडं बघितलं आणि तोंडावर बोट ठेवून आम्हाला गप्प राहायची खूण केली.

"झोप लागली बिचाऱ्याला," ते कुजबुजले, आणि उरलेली मोसंबी सावकाश, आवाज न करता खाऊ लागले.